सोन्यावरच्या रेघा

अण्णा, काल दुपारी मी एका मुलीच्या अंगावर तुमच्यासारखी ओरडले. आवाजही तुमचाच निघाला, घशातून नाही, पोटातून. ती माझी विद्यार्थिनी, गाजीपूरची, माझ्या हाताखाली पीएचडी करतेय, आणि तिचा गुन्हा एवढाच की अंधाऱ्या प्रयोगशाळेत मी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटणार होते तेव्हा तिनं माझं कोपर धरलं. मी हात हिसडला, ओरडले, आणि माझ्या दुसऱ्या हातातल्या चिमट्यातून आमची शेवटची चांगली ग्रेटिंग खाली पडली. ग्रेटिंग म्हणजे काय ते तुम्हाला एकदा स्वयंपाकघरात समजावलं होतं, त्यावर येतेच. पण आधी दुसरं सांगायचंय, जे कालपर्यंत मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला दिसेनासं झालंय. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. तुम्हालाही तोच असणार. असणार म्हणते, कारण तुम्ही एकदाही डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी चढला नाहीत, आणि तुम्हाला दिसत नाही हे आपल्या त्या दोन खोल्यांत कधी मोठ्यानं बोललंच गेलं नाही.

हा आजार कडेनं आत येतो. मधलं सगळं नीट दिसत राहतं म्हणून माणूस बेसावध असतो. पुस्तकातली ओळ दिसते, समोरच्याचा चेहरा दिसतो, बाजूनं आलेला सांड दिसत नाही. मागच्या थंडीत आपल्याच गल्लीत, दूधवाल्याच्या दुकानापाशी, एका सांडानं मला भिंतीला रेटलं. दूधवाला म्हणाला, "अरे दीदी, इतना बड़ा जानवर नहीं दिखा आपको?" मी म्हटलं, ध्यान कहीं और था. मग मोटरसायकली झाल्या. मग जिन्याची शेवटची पायरी. दर वेळी माझं ध्यान कुठंतरी दुसरीकडेच असायचं. शेवटी चष्मा बदलायला गेले तर चष्मेवाल्यानं मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी काचबिंदूबद्दलच पहिला प्रश्न विचारला, "घर में किसी को काला मोतिया था? माता-पिता को?" आणि अण्णा, माझ्या तोंडातून आपोआप "नहीं" निघालं. विचार न करताच. लहानपणापासून ते उत्तर तयार होतं ना. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, विचारणारी बाई डॉक्टर, दार बंद, आणि मी तिथंही तुमची अब्रू सांभाळत बसले. पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हाही कुणीतरी हेच विचारलं होतं आणि मी हेच सांगितलं होतं. तेव्हा खरं सांगितलं असतं तर दर वर्षी डोळ्यांचा दाब बघितला गेला असता, थेंब वेळेवर सुरू झाले असते, एवढं सगळं गेलं नसतं. याचा मला राग येतो. तुमचा राग येतो. तुम्ही असतात तर मी कडाकडा भांडले असते, आणि तुम्ही संध्येची वेळ झाली म्हणून उठून गेला असतात.

डॉक्टरीणबाईंनी मग नजरेच्या कडा तपासायच्या यंत्रावर बसवलं. एका पांढऱ्या खोलगट भांड्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे एकटक बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. जन्मभर प्रकाशावर काम केलं, म्हटलं यात काय आहे. बसले. काही चमकलं, मी बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. पण यंत्र आतल्या आत टक् असा बारीक आवाज करत होतं, आणि त्या आवाजाला लय होती. मी लय पकडली आणि दाबत गेले. तपासणी झाली, कागद निघाला, बाईंनी तो बघितला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मैडम, आप देख नहीं रही थीं. आप सुन रही थीं." मला हसू आलं. त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. हे कुणाकडून शिकले ते त्यांना सांगायला गेले असते तर सकाळ पुरली नसती. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा प्रामाणिकपणे बसले, दिसेल तेव्हाच दाबलं, आणि कागदावर मधे एक छोटं उजेडाचं बेट सोडून सगळीकडे काळं आलं. "जितनी गई, वो गई," त्या म्हणाल्या. "अब जो बची है उसको बचाना है."

तुमचं मला कसं कळलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. अमृतराव घाटावर साताऱ्याकडच्या यजमानांचं श्राद्ध चाललं होतं. तुम्हाला मुलगा नव्हता, म्हणून तीळ, दर्भ, फुलं पुढे सरकवायला बाहेरच्या बाजूला मी बसायची. तुमच्यासमोर चौरंगावर पोथी. तुम्हाला सगळं मुखोद्गत होतं, पोथीची गरज नव्हती, पण तुम्ही म्हणायचात की समोर पोथी नसली तर यजमानांना वाटतं गुरुजी मनाचंच काही सांगतायत. त्या दिवशी तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत. मला वाचता येत होतं, मी बघत होते. पोथी पुढच्या पानावर आणि तुम्ही मधल्या, न दिसणाऱ्या पानावरचं अचूक म्हणताय, स्वर कुठे हलत नाही. मग असं होत होत शेवटी पोथीची पानं संपली आणि तुमचं म्हणणं चालूच राहिलं. तुमचा हात पान उचलायला पुढे आला आणि रिकाम्या चौरंगावर फिरला. एवढंच. यजमानांची नजर खाली होती, पण वर येणार होती. मी पाण्याचं भांडं पाडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तुम्ही मला धांदरट म्हणालात, आणि तेवढ्यात तुमचा हात मांडीवर परत गेला.

आठवड्याभरानं तुम्ही विश्वनाथ गल्लीतून माझ्यासाठी बांगड्या आणल्यात. हिरव्या, काचेच्या, आधीच्यापेक्षा जाड. म्हणालात, "त्या पिलास्टिकच्या काढून टाक. काचेच्या घालत जा, शोभतात." आपल्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. पण पुढच्या कामाला बसल्यावर पान उलटायची वेळ आली की माझं मनगट हलायचं आणि तुमचं पान उलटायचं. कधी चुकलं नाही. बांगडी फुटली की तुम्ही दुसऱ्या दिवशी नवी आणायचात, आणि गल्लीतल्या मुली म्हणायच्या, तेरे बाबूजी कितना मानते हैं तुझे. त्या बांगड्या माझ्यासाठी होत्या की तुमच्यासाठी, हा प्रश्न मला फार पुढे पडला. राग आलेला असला की वाटतं तुमच्यासाठी होत्या. राग नसला की वाटतं दोघांसाठी होत्या आणि त्यात वाईट काही नव्हतं. आता माझ्या प्रयोगशाळेत बांगड्यांना मनाई आहे. लेझरचा किरण काचेवर नाहीतर अंगठीवर पडून कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून दारावरची पाटी मीच लावलीय.

आता ते स्वयंपाकघर. मी नुकती संशोधनाला लागलेय, आई उडदाचे पापड लाटतेय, तुम्ही दाराशी पाटावर चहा घेऊन बसलाय. विचारताय, "तू दिवसभर तिथं करतेस तरी काय?" मी आईच्या हातातलं पापडाचं रेघांचं लाटणं काढून तुमच्या हातात ठेवते. म्हणते, हे बघा, असंच असतं, फक्त लाकडाऐवजी सोन्याचा पातळ थर आणि रेघा इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शंभराहून जास्त बसतील. याला आम्ही ग्रेटिंग म्हणतो. यावर पांढरा प्रकाश टाकला की बहुतेक सगळा आरशासारखा परत येतो, पण एका विशिष्ट कोनातून टाकला तर त्यातला एक रंग परतच येत नाही. त्याच्या जागी काळी रेघ दिसते. सोन्यात सुटे इलेक्ट्रॉन असतात, ते पृष्ठभागावर सगळे मिळून हिंदकळायला लागतात, पाण्यावर तरंग उठावा तसे, आणि तो रंग त्यांच्याबरोबर सोन्याच्या अंगालगत धावत सुटतो. गुळगुळीत सोन्यावर हे होत नाही. रेघाच लागतात, त्यांच्यामुळे प्रकाशाला तो तरंग पकडता येतो. तुम्ही चहा खाली ठेवला होतात आणि अंगठा लाटण्यावरून फिरवत होतात, आधी रेघांच्या बाजूनं, मग आडवा. "असं फिरवलं तर काही लागत नाही," तुम्ही म्हणालात. "असं फिरवलं तर लागतं. तुझ्या प्रकाशालाही दिशेचं काही आहे का?" मी म्हटलं, आहे, त्याचं कंपन रेघांना आडवं असलं तरच तो पकडला जातो, रेघांच्या बाजूनं असलं तर सगळाच्या सगळा परत येतो. तुम्ही मान हलवलीत. मग विचारलंत, "आणि जो येत नाही, तो जातो कुठे?"

मी तेव्हा पंचविशीतली, उत्तरं जिभेवर. म्हटलं, थोडं अंतर धावतो, केसाच्या जाडीएवढंही नाही, आणि विरतो. त्याची उष्णता होते. "म्हणजे सोनं तापतं," तुम्ही म्हणालात. तापतं, पण इतकं थोडं की हात लावून कुणाला कळणार नाही. "असं," म्हणून तुम्ही लाटणं हातात घेऊन बसून राहिलात, अंगठा आडवा फिरवत, शेवटी आई म्हणाली, "द्या आता ते, पीठ वाळतंय." मी खूश होते की अण्णांना माझा विषय समजावला. तुम्ही कशाबद्दल विचारत होतात ते माझ्या डोक्यातही आलं नाही. आता रोज येतं. सकाळी उठल्यावर एक डोळा झाकून खिडकीचे गज बघते, मग दुसरा झाकून, आणि कालच्यापेक्षा कमी दिसले की काय या भीतीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. चहा तसाच गार होतो. मला भीती वाटते, अण्णा. हा शब्द मी कुणासमोर उच्चारलेला नाही. प्रकाश सोडून मला दुसरं काही येत नाही. धड स्वयंपाक येत नाही, देवाचं मनापासून होत नाही, माणसांशी जमत नाही. डोळे गेले तर या खोलीत बसून मी करू काय, आणि दाराशी येऊन मला विचारणार तरी कोण?

तर ती काळी रेघ एका जागी स्थिर नसते. सोन्यावर काहीही येऊन बसलं, अगदी अणूंचा एक थर जरी, तरी ती थोडी सरकते. किती सरकली ते मोजलं की काय आणि किती बसलंय ते कळतं. माझी विद्यार्थिनी हँडपंपाच्या पाण्यातलं शिसं असं पकडायला बघतेय. सोन्यावर एक लेप द्यायचा जो फक्त शिशाला धरतो, आणि मग रेघेकडे बघायचं. तिच्या गावाकडचं पाणी बाटल्यांत भरून तिनं कपाटात ठेवलंय. या ग्रेटिंगा दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनच्या झोतानं कोरून येतात, तिथलं यंत्र बंद पडलंय, आणि आमच्याकडे चांगली अशी एकच उरली होती. त्या एकीवर या मुलीचा प्रबंध. ग्रेटिंगला बोट लागलं की संपलं, बोटाचं तेल पुसायला जावं तर रेघाच जातात. त्यामुळे माझ्याकडे कुणी कशाला शिवत नाही. तुमच्या सोवळ्याला मी जन्मभर नावं ठेवली आणि स्वतः नोकरीभर सोवळंच पाळत आले. आणि दिसेनासं झाल्यापासून सगळं पाठ करून चालतेय, कुठला स्क्रू कुठे, तो किती फिरवला की किरण किती हलतो, दारापासून टेबल किती पावलांवर. लोकांना वाटतं मॅडमचा हात काय बसलाय. माझ्यासमोर पोथी उघडी आहे आणि मी पानं उलटतेय.

तो पौषातला दिवस तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. तुम्ही बुडी मारून, ओल्या सोवळ्यानं, हातात भरलेला तांब्या घेऊन ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढताय आणि मी पुढे चाललेय, बांगड्या वाजवत, कारण पोथीची ती सोय आपण तोवर रस्त्यालाही लावली होती. धुकं आहे, पायऱ्या ओल्या. मागे तुमचा पाय घसरल्याचा आवाज येतो. मी वळते आणि दोन्ही हातांनी तुमचा दंड धरते. तुम्ही पडत नाही. पण तुम्ही असा हिसडा देता की मीच भिंतीवर आदळते, आणि तांब्या तुमच्या हातून सुटून एकेका पायरीवर आपटत थेट खाली पाण्यात जातो. "शिवलीस मला," तुम्ही ओरडता. "किती वेळा सांगितलंय, शिवू नकोस." खाली होडी धुणारा मल्लाह वर बघतो. "पंडितजी, बच्ची है. न पकड़ती तो गिर जाते आप." तुम्ही त्याला मराठीत सांगता की ती ओवळी आहे, जसं काही त्याला ते कळणार आहे. आणि वळून, पायानं एकेक पायरी चाचपत, पुन्हा अंघोळ करायला खाली जाता. त्या थंडीत. मी रडतेय, पण वर उभी राहून बांगड्या वाजवत राहिलेय, कारण परत यायचं तर तुम्हाला दिशा हवी. तुम्ही आलात, दात वाजत होते, माझ्यापाशी थांबून म्हणालात, "चल." घरी आईला तांब्या हातातून निसटला एवढंच सांगितलंत.

मला वाटत आलं की सोवळं मोडलं म्हणून तुम्ही चिडलात. काल कळलं की तसं नव्हतं. काल ग्रेटिंग स्टँडवर बसवायची होती, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मैम, मैं लगा दूँ?" मी नाही म्हटलं. पडदे ओढलेले, दिवा बंद. मला वाटलं टेबल अजून लांब आहे. तिनं कोपर धरलं, मी हिसडा दिला, "हाथ मत लगाओ, कितनी बार कहा है," आणि खाली टिक् असा आवाज झाला, बांगडी फुटावी तेवढाच. तिनं दिवा लावला. मी गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवायला लागले. ती म्हणाली, "हाथ मत फेरिए मैम, मैं देखती हूँ." ग्रेटिंग माझ्या गुडघ्याला लागून पडली होती, पालथी. तिनं ती चिमट्यानं उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, मधोमध ओरखडा गेलाय. आणि तरी मीच तिला विचारलं, चिडून, "तुमने पकड़ा क्यों?" ती म्हणाली, "आप गिर जातीं, मैम." मी पर्स घेतली आणि निघून आले. टोटोत, त्या बॅटरीच्या रिक्षात, बसल्यावर मल्लाहाचं ते वाक्य आठवलं आणि मी रडायला लागले. टोटोवाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. कुणी धरलं म्हणजे आपण पडणार होतो हे नक्की झालं, आणि ते दुसऱ्या कुणालातरी दिसलं. तुम्हाला ते सहन झालं नाही. मलाही झालं नाही. एवढंच होतं ते, आणि त्याला तुम्ही सोवळ्याचं नाव दिलंत, मी ग्रेटिंगचं.

आज सकाळी गेले तर ती आधीच येऊन बसली होती. मला वाटलं, आता वरती तक्रार करेल, गाईड बदलून मागेल, आणि तिचं काही चुकणार नाही. ती म्हणाली, "मैम, ऊपर वाले कोने में थोड़ी जगह बची है. वहीं बीम डालते हैं." तिळाएवढी जागा. एवढ्याशा जागेवर किरण बसवायचा म्हणजे अंधारात तीक्ष्ण नजर हवी, आणि पहिल्यांदा पांढऱ्या कागदावर ती फिकट काळी रेघ डोळ्यांनी शोधावी लागते. संगणकावरचा आलेख नंतरची गोष्ट, तो मला अजून दिसतो. सवयीनं माझा हात स्क्रूकडे गेला. बोटं स्क्रूवर ठेवून मी नुसती उभी राहिले. मग म्हटलं, "मुझे किनारे से नहीं दिखता. अँधेरे में तो कुछ भी नहीं." हिंदीत म्हणून निघालं, मराठीत निघालं नसतं. ती म्हणाली, "मालूम है, मैम. होली के पहले से." मग बोलली का नाहीस, मी विचारलं. "आप भी तो नहीं बोलीं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही पोरगी अंधारात सारखी बडबडत असते, मैं बाएँ हूँ, मैं पीछे से निकल रही हूँ, स्टूल यहीं है मैम, आणि त्या बडबडीबद्दल मी तिला दोनदा झापलंय.

मी स्टुलावर बसले. ती बघत होती, मी सांगत होते. कोन थोडा वाढव. आता पोलरायझर फिरव, कंपन रेघांना आडवं आण. "आया?" "नहीं, मैम." अजून थोडा. "आया?" तिचा आवाज कागदाजवळून आला, "आया. काली लाइन. पतली है, पर है." मी कागदाच्या दिशेनं डोळे फाडून बघितलं. नुसता करडा अंधार. मी म्हटलं, ठीक आहे, रीडिंग घे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती रेघ मी कुणाच्या शब्दावर मान्य केली. इथं मला बरं वाटलं असं लिहायला हवं. नाही वाटलं. तिचं काम होईल, याचा आनंद आहे, तो वेगळा. मला आतून खचल्यासारखं झालं. रीडिंग संपल्यावर मी बाहेर जिन्याशी येऊन उभी राहिले आणि खाली उतरता येईना. ती मागून आली. धरलं नाही तिनं, कालचं लक्षात होतं. शेजारी उभी राहून कोपर थोडं बाहेर काढलं आणि भिंतीकडे बघत राहिली. मी ते धरलं. फार घट्ट धरलं, तिला दुखलं असेल. सगळा जिना तसाच उतरले, आणि खाली पोहोचल्यावरही सोडायला उशीर केला.

हे मी जाड पेनानं लिहितेय, ओळीखाली फूटपट्टी धरून. तरी काही ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मी परत वाचलेलं नाही. बाहेर आरत्यांच्या घंटा सुरू झाल्यात, उजेड जाईल, तेव्हा आवरते. तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं, हे मला आत्ता, इतकी पानं भरल्यावर सुचतंय. यजमानांची पत्रं यायची तशी मलाच तुमच्याजवळ बसून वाचून दाखवावी लागली असती. त्यातही मी काय वाचायचं आणि काय गाळायचं ते ठरवायची, तुम्हाला माहीत होतं का कोण जाणे. हेही तसंच वाचलं असतं. लाटण्याचं वाचलं असतं, ते तुम्हाला आवडलं असतं. बांगड्यांचं थोडं बदलून वाचलं असतं. पाण्यातल्या शिशाचं, गाजीपूरच्या पोरीचं कौतुक करून वाचलं असतं. माझ्या डोळ्यांचं सगळं गाळलं असतं. मग म्हटलं असतं, झालं वाचून, आणि माझ्या हातात पुष्कळ पानं न उलटता उरली असती. मी घडी घालताना तुम्ही ती मोजली असतीत, अण्णा, कानांनी, आणि नुसतं "असं" म्हणाला असतात.